परागंदा नेत्याच्या फोनवर चालणारी चळवळ : थायलंडचे थाकसिन आणि लाल शर्टवाले

थायलंड म्हटले की आपल्या वस्त्यांमध्ये आधी आठवते ती विहारातली बुद्धमूर्ती. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत थायलंडच्या उपासकांनी दान दिलेल्या मूर्ती आहेत. त्यामुळे तो देश आपलासा वाटतो, आणि बौद्धांचा देश म्हणजे तिथे समता असणारच, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. जुन्या सयाममध्ये 'सक्दिना' नावाची व्यवस्था होती. वरपासून खालपर्यंत प्रत्येकाचा दर्जा आकड्यात मोजलेला असे. कष्टकरी रयतेला 'फ्राय' म्हणत आणि तिला राजाची किंवा सरदाराची वेठ करावी लागे. १९३२ साली निरंकुश राजेशाही संपली, पण त्यानंतरही राजवाडा, लष्कर आणि वरिष्ठ नोकरशाही यांची पकड सुटली नाही. तेव्हापासून आजवर डझनभर लष्करी उठाव तिथे यशस्वी झाले आहेत.

अशा देशात एक माजी पंतप्रधान पंधरा वर्षे परागंदा राहिला, आणि तरीही देशात सरकार कोणाचे येणार, पंतप्रधान कोण होणार, हे ठरवण्यात त्याचा हात राहिला. त्याचे नाव थाकसिन शिनावात्रा. हे कसे शक्य झाले, आणि ज्या गरिबांच्या जोरावर शक्य झाले त्यांच्या पदरात काय पडले, हे दोन प्रश्न आम्हाला या लेखात तपासायचे आहेत.

थाकसिन यांच्या आधीचा परागंदा नेता

थाकसिन हे काही थायलंडचे पहिले परागंदा नेते नव्हेत. १९३२ च्या क्रांतीचे वैचारिक नेते प्रिदी बानोम्योंग हे पॅरिसमध्ये कायदा शिकून आलेले. त्यांनी १९३३ साली मांडलेली आर्थिक योजना प्रस्थापितांनी 'कम्युनिस्ट' ठरवली आणि त्यांना काही काळ देशाबाहेर राहावे लागले. १९३४ साली त्यांनी थम्मसात विद्यापीठ स्थापन केले. १९४६ साली ते पंतप्रधान झाले. १९४७ च्या लष्करी उठावानंतर त्यांना पळून जावे लागले, १९४९ चा परतण्याचा प्रयत्न फसला, आणि पुढे सुमारे दोन दशके चीनमध्ये व नंतर पॅरिसमध्ये काढून १९८३ साली ते परदेशातच वारले.

प्रिदींच्या हाती ना पक्ष राहिला, ना पैसा, ना खासदार. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये लष्करशाहीविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्या आंदोलनाचे केंद्र थम्मसात विद्यापीठच होते. म्हणजे माणूस देशाबाहेर होता, पण त्याने उभी केलेली संस्था देशात होती. हा प्रभावाचा एक प्रकार. थाकसिन यांचा प्रकार वेगळा.

गरिबांनी थाकसिन यांना का निवडले?

थाकसिन हे उत्तरेतल्या चिआंग माईचे. आधी पोलीस अधिकारी, मग मोबाईल आणि दूरसंचाराच्या धंद्यात अब्जाधीश झाले. १९९७ च्या आर्थिक संकटाने देश मोडकळीला आला असताना, १९९८ मध्ये त्यांनी 'थाय राक थाय' म्हणजे 'थाय लोकांचे थाय लोकांवर प्रेम' या नावाचा पक्ष काढला आणि २००१ ची निवडणूक जिंकली.

त्यांच्या सरकारने तीन कामे केली, ती नीट समजून घेतली पाहिजेत. पहिले, सरकारी दवाखान्यात ३० बाटमध्ये उपचार. दुसरे, प्रत्येक गावाला दहा लाख बाटचा फिरता निधी. तिसरे, शेतकऱ्यांच्या कर्जवसुलीला तीन वर्षांची स्थगिती. ईशान्येकडचा 'इसान' हा भाग देशाच्या सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येचा, पण सर्वात गरीब. इसानची माणसे बँकॉकमध्ये टॅक्सी चालवतात, इमारती बांधतात, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात. मत दिल्यावर आपल्या घरात काहीतरी बदलते, हा अनुभव या माणसांना ठळकपणे प्रथमच आला. २००५ साली त्यांनी थाकसिन यांना ५०० पैकी ३७५ हून अधिक जागा दिल्या.

बँकॉकच्या सुखवस्तू वर्गाने याचा अर्थ असा लावला की खेड्यातले लोक अडाणी आहेत, पैशाला विकले गेले आहेत. त्यांना 'लाल म्हशी' म्हटले गेले. तिकडे म्हैस म्हणजे मठ्ठपणाची खूण. २००८ साली पिवळ्या शर्टवाल्यांच्या आघाडीने तर संसदेत ७० टक्के सदस्य नेमलेले आणि केवळ ३० टक्के निवडलेले असावेत, अशी मागणी केली. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. साउथबरो समितीपासून सायमन कमिशनपर्यंत बाबासाहेब मताधिकारासाठी भांडत होते, तेव्हा 'अशिक्षितांना मत कशाला' हाच सूर इथेही होता. म्हणून इसानच्या शेतकऱ्याने थाकसिन यांना दिलेले मत हे मूर्खपणाचे होते, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. ते हिशेब करून दिलेले मत होते.

पण नाण्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. २००३ च्या 'ड्रग्जविरोधी युद्धात' तीन महिन्यांत अडीच हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. २५ ऑक्टोबर २००४ रोजी दक्षिणेतल्या ताक बाई येथे मुस्लिम निदर्शकांना हात बांधून लष्करी ट्रकमध्ये एकमेकांवर रचले गेले. एकूण ८५ जण मेले, त्यातले ७८ गुदमरून. २००६ च्या जानेवारीत शिनावात्रा कुटुंबाने आपली कंपनी सिंगापूरच्या तेमासेकला सुमारे ७,३०० कोटी बाटना विकली आणि त्यावर कर भरला नाही. गरिबांना दवाखाना देणारे आणि गरिबांवर गोळ्या चालवू देणारे सरकार एकच होते.

दुबईहून चालणारे राजकारण

१९ सप्टेंबर २००६ रोजी थाकसिन संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कमध्ये असताना लष्कराने सत्ता हातात घेतली. २००७ साली पक्ष विसर्जित झाला आणि १११ पदाधिकाऱ्यांना पाच वर्षे निवडणूकबंदी झाली. त्यांच्याच समर्थकांनी दुसऱ्या नावाच्या पक्षातून डिसेंबर २००७ ची निवडणूक जिंकली. त्यांचे पंतप्रधान समक सुंदरवेज यांना टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचे मानधन घेतले म्हणून न्यायालयाने पदावरून काढले. त्यांच्यानंतर आलेले थाकसिन यांचे मेहुणे सोमचाय वोंगसावत यांचा पक्षच डिसेंबर २००८ मध्ये विसर्जित झाला. मतपेटीतून जे हरत नाही ते न्यायालयातून हरवायचे, ही प्रस्थापितांची रीत तिथे पक्की झाली.

थाकसिन २००८ च्या सुरुवातीला मायदेशी परतले होते, पण ऑगस्टमध्ये पुन्हा बाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये जमीन खरेदीच्या खटल्यात त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. मग मुक्काम दुबईत. सभेच्या मैदानावर मोठा पडदा लावायचा, दुबईहून थाकसिन बोलायचे आणि हजारो लोक पावसात उभे राहून ऐकायचे. पक्षाचे नेते सल्ल्यासाठी विमानाने परदेशी जायचे. २०११ साली 'थाकसिन विचार करतात, फ्युआ थाय कृती करतो' ही घोषणाच झाली. त्यांची धाकटी बहीण यिंगलक यांनी त्याआधी एकही निवडणूक लढवली नव्हती; पक्षाने ५०० पैकी २६५ जागा जिंकल्या आणि त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

लोकांची निष्ठा, कुटुंबाचा पैसा आणि घरातला उमेदवार, या तीन गोष्टींवर हा प्रभाव उभा होता. पक्षाचे नाव बदलले तरी मतदार ओळखत होता की हा 'त्यांचाच' पक्ष. उमेदवार आणि धोरण ठरवायची किल्ली मात्र त्या मतदाराकडे कधीच आली नाही.

मेले कोण आणि सुटले कोण?

२०१० च्या मार्चमध्ये लाल शर्टवाले लाखाच्या संख्येने बँकॉकमध्ये आले. संसद विसर्जित करा आणि निवडणूक घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'फ्राय' हा शब्द त्यांनी अभिमानाने शर्टावर छापला आणि वरच्या वर्गाला 'अमात' म्हणजे अमात्य म्हटले. शिवी उलटवून तिचे हत्यार करण्याची ही रीत आपण चांगली ओळखतो. एप्रिल-मेच्या कारवाईत नव्वदहून अधिक माणसे मेली. १९ मे रोजी सुरक्षित क्षेत्र जाहीर केलेल्या पथुम वनाराम या बौद्ध मंदिराच्या आवारात सहा जण गोळ्यांनी मेले. त्या सैनिकांच्या गोळ्या होत्या, असा निष्कर्ष न्यायालयीन चौकशीने २०१३ मध्ये काढला.

या हौतात्म्यावर २०११ चे सरकार आले. त्या सरकारने काय केले? १ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे चारच्या सुमारास कनिष्ठ सभागृहात सरसकट माफीचा कायदा मंजूर केला. त्यात थाकसिन सुटणार होते आणि त्यांच्यासोबत २०१० च्या गोळीबाराला जबाबदार असणारेही सुटणार होते. मृतांच्या नातेवाइकांनी विरोध केला, खुद्द लाल शर्टवाल्यांमध्ये संताप उसळला. सिनेटने तो कायदा फेटाळला, पण त्याच निमित्ताने विरोधक रस्त्यावर उतरले आणि २२ मे २०१४ ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. नेत्याला घरी आणण्याची किंमत म्हणून कार्यकर्त्यांच्या रक्ताचा हिशेब सोडून द्यायचा, हा सौदा तेव्हा फसला. दहा वर्षांनी तो जमला.

२०२३ च्या निवडणुकीत तरुणांचा 'मूव्ह फॉरवर्ड' पक्ष १५१ जागांसह पहिला आला, फ्युआ थाय १४१ वर दुसरा. लष्कराने नेमलेल्या २५० सिनेटरांमुळे पहिल्या पक्षाला सरकार करता आले नाही. तेव्हा फ्युआ थायने त्यांची साथ सोडली आणि २०१४ च्या उठाववाल्यांच्याच पक्षांशी हातमिळवणी केली. २२ ऑगस्ट २०२३ रोजी फ्युआ थायचे स्रेथा थाविसिन पंतप्रधान निवडले गेले आणि त्याच दिवशी सकाळी थाकसिन विमानाने बँकॉकला उतरले. आठ वर्षांची शिक्षा राजाच्या माफीने एका वर्षावर आली. पहिल्याच रात्री ते तुरुंगातून पोलीस रुग्णालयात गेले आणि सहा महिन्यांनी पॅरोलवर घरी.

पुढचा हिशेबही पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने मूव्ह फॉरवर्ड विसर्जित केला आणि आठवड्याभरात स्रेथा यांनाही काढले. पंतप्रधानपदी आली थाकसिन यांची ३७ वर्षांची मुलगी पेतोंगतार्न. तिच्या कारकिर्दीत, २५ ऑक्टोबर २०२४ ला, ताक बाई प्रकरणाची वीस वर्षांची मुदत संपली. एकही आरोपी न्यायालयात उभा राहिला नाही. आरोपींमधला एक माजी सेनाधिकारी तर फ्युआ थायचाच खासदार होता. २०२५ मध्ये कंबोडियाचे हुन सेन या वडिलांच्या जुन्या मित्राला 'काका' म्हणून केलेला तिचा फोन बाहेर फुटला आणि २९ ऑगस्टला न्यायालयाने तिलाही पदावरून हटवले. ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयातला काळ शिक्षेत धरायला नकार देऊन थाकसिन यांना एक वर्षासाठी तुरुंगात पाठवले. ज्यांच्याशी सौदा केला त्यांनी काम झाल्यावर सौदा मोडला.

आपण काय घ्यायचे?

कोणी म्हणेल, थाकसिन नसते तर इसानच्या माणसाला दवाखाना मिळाला नसता. खरे आहे. लष्कर आणि न्यायालयांनी त्यांच्यावर अन्याय केला नाही असेही नाही. चार-चार निवडून आलेली सरकारे पाडणे हा मतदारांवरचा अन्यायच होता. पण कृतज्ञता ही एक गोष्ट आणि चळवळीची किल्ली एका माणसाच्या खिशात देणे ही दुसरी. किल्ली एकाच खिशात असली की प्रस्थापितांना लाखो लोकांशी बोलावे लागत नाही. एका माणसाशी बोलले की पुरते. त्याला तुरुंगाची भीती दाखवली, घरी परतण्याची वाट दाखवली, की लाखोंच्या मतांचा व्यवहार होऊन जातो. २०२३ मध्ये नेमके हेच झाले.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण हे वाक्य दरवर्षी संविधान दिनी फलकावर लिहितो. लिहून झाल्यावर आपापल्या संघटनेकडे पाहिले पाहिजे. उमेदवार कोण ठरवते? जमाखर्च कार्यकर्त्यांसमोर मांडला जातो का? नेत्याने युती केली, तर तालुक्याच्या बैठकीला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे का? एखादा भाऊ आंदोलनात मेला, तर त्याच्या न्यायाचा प्रश्न युतीच्या बोलणीत सोडून देता येणार नाही, असा ठराव आपल्या दप्तरात आहे का?

प्रिदींनी विद्यापीठ मागे ठेवले, आणि त्यांच्या अनुपस्थितीत तिथल्या पोरांनी आपले निर्णय आपण घेतले. थाकसिन यांनी मागे ठेवले ते कुटुंब. पथुम वनाराम मंदिरात मेलेल्या सहा जणांसाठी आजवर एकाही सैनिकाला शिक्षा झालेली नाही. ज्या दिवशी त्या सहा जणांच्या न्यायाची मागणी नेत्याच्या घरवापसीपेक्षा मोठी ठरेल, त्या दिवशी लाल शर्टवाल्यांची चळवळ खऱ्या अर्थाने त्यांची स्वतःची होईल. आपल्याकडेही मापदंड हाच आहे.

जय भीम.