संगीत रंगभूमीवरील ऑर्गन : जतन आणि वादन

मराठी संगीत नाटकाच्या वैभवकाळात रंगमंचासमोर स्थान मिळविलेला ऑर्गन आज मोजक्याच संस्था, कलावंत व संग्राहक यांच्याकडे वाजत्या स्थितीत आढळतो. पाश्चात्त्य चित्रपटगृहांत मूकपटांच्या काळी बसविलेला ऑर्गन नळ्यांचा आणि इमारतीचाच भाग असे. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधील, मूकपटांच्या काळानंतरचा, १९३२ सालचा वुर्लिट्झर ऑर्गन हे अशा नळ्यांच्या ऑर्गनचे प्रसिद्ध उदाहरण. मराठी रंगभूमीने स्वीकारला तो मात्र पायाने चालणारा, पितळी सुरांचा ऑर्गन. एस्टी, मेसन अँड हॅमलिन अशा अमेरिकी कंपन्यांनी ही वाद्ये मुख्यतः घरांसाठी व लहान चर्चसाठी घडविली होती. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनाला हरिभाऊ देशपांडे यांच्या ऑर्गनची साथ असे.

हार्मोनियममध्ये भात्यातील हवा सुरांतून बाहेर लोटली जाते, तर या ऑर्गनमध्ये पायांनी चालणारे भाते सुरांतून हवा आत ओढून घेतात. त्यामुळे नाद मृदू येतो, दोन्ही हात वादनासाठी मोकळे राहतात आणि गुडघ्याने दाबावयाच्या पट्टीने आवाज कमी-अधिक करता येतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात गायक नटाला हा सलग स्वर मोठाच आधार होता.

पितळी सूर शंभर वर्षेही टिकतात. जीर्ण होते ते भात्याचे कापड, चामडे आणि लोकर. शिवाय वाळवी, उंदीर व कोकणातील दमट हवा यांचा उपद्रव असतोच. जुने कारागीर जोडकामासाठी सरस वापरीत, कारण ऊब व ओलावा दिला की सांधा पुन्हा उकलता येतो. आधुनिक रासायनिक गोंदाने केलेली दुरुस्ती तात्पुरती सोयीची, परंतु पुढच्या कारागिराची वाट अडविणारी ठरते. सुरांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. सुराची जीभ टोकाशी घासल्यास स्वर चढतो, मुळाशी घासल्यास उतरतो. मात्र घासलेले पितळ परत येत नाही. बेसूर वाटणारा सूर पुष्कळदा केवळ धुळीने भरलेला असतो, म्हणून कानस हाती घेण्यापूर्वी तो काढून हलक्या ब्रशने स्वच्छ करावा.

एस्टी कंपनी १९६० साली बंद पडली. सुटे भाग आता बहुधा मोडीत निघालेल्या ऑर्गनमधूनच मिळवावे लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे नवे ऑर्गन घडविण्याचे काम झाले आहे, ही समाधानाची बाब. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड उचलून नेण्यास सोपा. पण पायाच्या गतीबरोबर वाढणारा-ओसरणारा श्वास त्यात नाही. शिवाय हे वाद्य नुसते दिवाणखान्यात ठेवून टिकत नाही. न वाजविलेल्या भात्याचे कापड घडीवर ताठरते आणि पुढे तेथेच चिरते.