ऐच्छिक ठरलेली वेलांटी

संगणकावर देवनागरी उमटवताना गेली काही दशके जी अडचण पुन्हापुन्हा उद्भवत आली आहे, तिची ओळख धाराशिव जिल्ह्याच्या नकाशावरून चांगली पटते. जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी ही सात नावे एकामागून एक चिन्ह ओळीने मांडणाऱ्या अगदी अडाणी प्रोग्रॅमकडूनही वाचण्याजोगी उमटतात, कारण त्यांत जोडाक्षर नाही, रफार नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. धाराशिव मात्र बिघडते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या चिन्हांना सामायिक क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘शि’ हे अक्षर आधी श आणि मग वेलांटी अशा उच्चाराच्या क्रमाने साठवलेले असते, पण लिहिताना वेलांटी श च्या डावीकडे येते. ही अदलाबदल कोणी केलीच नाही, तर वेलांटी श नंतर पडून पुढच्या व ला चिकटते आणि जिल्ह्याचे नाव ‘धाराशवि’ असे वाचले जाते. २०२३ साली नामांतर होण्यापूर्वीचे उस्मानाबाद हे नावही यातून सुटत नव्हते, कारण त्यातला स पाय मोडलेलाच राहून म त्याच्यापासून वेगळा पडे. आणि तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गाचा रफार ग वर चढण्याऐवजी पायमोड्या र च्या रूपाने मध्येच उभा राहतो.

चिन्हांचा क्रम बदलणे, जोडाक्षरे घडवणे आणि रफार जागेवर नेणे या कामाला शेपिंग म्हणतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ते प्रामुख्याने हार्फबझ ही लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना वापरता यावा असा तयार संकेताचा संच. फॉन्टमधील आकार प्रत्यक्ष रेखाटण्याचे काम फ्रीटाइप या दुसऱ्या लायब्ररीकडे असते. इंग्रजी मजकुराचे बहुतेक सगळे काम एकट्या फ्रीटाइपवर भागते, आणि पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीतून निघाला आहे.

एकच प्रोग्रॅम अनेक प्रकारच्या यंत्रांवर बांधता यावा, म्हणजे मूळ संकेतापासून चालवण्याजोगी फाइल तयार करता यावी, ही गरज युनिक्सच्या अनेक जाती बाजारात आल्यावर तीव्र झाली, कारण एका यंत्रावर असलेली लायब्ररी दुसऱ्यावर नसे किंवा असलीच तरी भलत्या ठिकाणी असे. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ऑटोकॉन्फ लिहिले, ते या गोंधळावर उपाय म्हणून. त्यातून तयार होणारी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट छोटे छोटे प्रोग्रॅम बांधून पाहत अमुक लायब्ररी यंत्रावर आहे का हे तपासते आणि निष्कर्ष एका फाइलीत नोंदवते. बांधणाऱ्याला हवे तर ‘विथ’ किंवा ‘विदाउट’ असा पर्याय देऊन आपली इच्छा सांगता येते. इच्छा सांगितलीच नाही तर काय करायचे, याविषयी अनेक प्रकल्पांत जी रूढी पडली ती सोयीची होती: लायब्ररी सापडली तर वापरावी, न सापडली तर ती सोय गाळून मुकाट्याने पुढे जावे.

या रूढीवर टीकाही झाली. जेंटू या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी अशा आपोआप जडणाऱ्या अवलंबनाला ‘ऑटोमॅजिक’ असे काहीसे खोचक नाव दिले, कारण एकाच संकेतापासून दोन यंत्रांवर दोन वेगळे प्रोग्रॅम निपजत आणि फरक कशामुळे पडला हे वापरणाऱ्याला कळत नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या मदतीने चाललेल्या प्रतिमा-प्रकल्पासाठी किटवेअर कंपनीने १९९९ च्या सुमारास सुरू केलेल्या सीमेक या बांधणीच्या साधनाने विंडोजलाही पोटात घेतले. तेथे तर लायब्ऱ्या ठेवण्याची ठरलेली सामायिक जागाच नाही, त्यामुळे ‘सापडली नाही’ हे उत्तर अधिकच वारंवार येऊ लागले. मेसन या आणखी एका बांधणीच्या साधनाने २०१८ साली प्रत्येक ऐच्छिक सोयीला ‘हवीच’, ‘नको’ आणि ‘आपोआप’ अशा तीन अवस्था दिल्या, आणि सगळ्या ‘आपोआप’ना एका आज्ञेत ‘हवीच’ करण्याची मुभा वितरकांना दिली. मुद्द्याचे उत्तर हेच होते. ते यायला सत्तावीस वर्षे लागली.

देवनागरीचे नुकसान कसे झाले, हे पायथन भाषेतील पिलो या चित्रविषयक लायब्ररीत जवळून पाहता येते. प्रमाणपत्रे, ओळखपत्रे किंवा शुभेच्छाचित्रे यांच्यावर नावे छापणारे असंख्य छोटे प्रोग्रॅम पिलोवर उभे असतात. २०१७ च्या ४.२ आवृत्तीपासून पिलोला रॅक्म या मधल्या लायब्ररीमार्फत शेपिंग करता येऊ लागले, पण ऐच्छिक म्हणूनच. २०२१ च्या ८.२ आवृत्तीपासून तयार बांधणीत रॅक्म अंतर्भूत झाली, तरी फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी प्रोग्रॅम चालतेवेळी यंत्रावर सापडावी लागते. फ्रिबिडीचे काम अरबी-हिब्रूसारखा उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर मार्गी लावण्याचे, ज्याच्याशी मराठीचा काडीमात्र संबंध नाही. पण ती नसेल तर रॅक्म चालत नाही, रॅक्म नसेल तर हार्फबझपर्यंत मजकूर पोचत नाही, आणि पिलो कोणतीही तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरून ‘धाराशवि’ छापून मोकळा होतो. लिनक्सवर नीट चालून पाहिलेला प्रोग्रॅम विंडोजवर नेल्यावर वेलांट्या सरकतात, त्याचे कारण बहुधा हेच असते, आणि दोष मात्र बिचाऱ्या फॉन्टला दिला जातो.

ऐच्छिक कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी होती, असाच निष्कर्ष यातून काढावा लागतो. जेपेग वाचता न येणारा प्रोग्रॅम तसे सांगून थांबतो. शेपिंग न येणारा प्रोग्रॅम मात्र चुकीचे अक्षर बरोबर असल्याच्या थाटात देतो, म्हणून दोन्ही लायब्ऱ्यांना एकाच मापाने ऐच्छिक मानणे चूक होते. एफएफएमपेग या चित्रफीत-प्रणालीने २०२३ च्या ६.१ आवृत्तीपासून मजकूर उमटवणाऱ्या आपल्या फिल्टरसाठी हार्फबझ अनिवार्य केली, त्यामुळे ती नसेल तर तो फिल्टर बांधलाच जात नाही. बांधणाऱ्यांना हे जाचक वाटले तरी मराठीच्या दृष्टीने तेच योग्य आहे.

पिलो वापरणाऱ्या मराठी प्रोग्रॅमरलाही हा कडकपणा स्वतःपुरता आणता येतो: मजकूर छापण्याच्या आज्ञेत भाषा मराठी असल्याचे स्पष्ट नमूद केले, तर रॅक्म उपलब्ध नसताना पिलो चुकीचे नाव छापत नाही, त्रुटी दाखवून थांबतो.