गिटार न येणाऱ्या माणसाची गिटार

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. जिथे वाजवून दाखवलं आहे, तिथे कंसात नोंद केली आहे.)



आजची सुरुवात एका जाहिरातीने. तीन वर्षांपूर्वी ती मीच फोनवर टाइप केली होती. "इलेक्ट्रिक गिटार विकणे आहे. लाल रंग. फारशी वापरलेली नाही." त्यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. पहिल्या नोकरीच्या पगारातून 9 हजार साठवून मी ती सेकंडहँड घेतली आणि दोन महिन्यांत कंटाळले. बोटांना फोड आले होते. वरच्या फ्रेटवर गेलं की सूर चढायचा. रोज वाजवायला बसायचं आणि रोज स्वतःवर चिडून उठायचं. मला वाटलं, आपल्याला कानही नाही आणि बोटंही नाहीत.

विकण्याआधी ती थोडी साफसूफ करून घ्यावी म्हणून एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून मानेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ताई, तुमच्या बोटांना काही झालेलं नाही. हिची मान वाकलीय." वीसेक मिनिटं काम केलं. मग मी वाजवून पाहिलं आणि जाहिरात काढून टाकली.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला. गिटार चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं? उत्तर शोधत मी या वाद्याच्या इतिहासात शिरले. तिथे कळलं की सॉलिड-बॉडी गिटारचा, म्हणजे आत पोकळी नसलेल्या गिटारचा जवळजवळ सगळा इतिहास वाजवणाऱ्यांच्या तक्रारींचा आहे. आज दुकानात आपण जे जे तपासतो, ते ते कुणीतरी कधीतरी कुरकुर केली म्हणून बदललेलं आहे.

पहिली तक्रार: शिट्टी

गणपतीच्या मांडवात कुणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेलं की कान फाडणारी "कूंऽऽ" ऐकू येते ना? 1930 आणि 40 च्या दशकांत अमेरिकेतल्या गिटारवाल्यांच्या मागे हेच लागलं होतं. नाचाच्या हॉलमध्ये बँड मोठे, ड्रम मोठे, ब्रास मोठं. त्यात गिटार ऐकूच यायची नाही. मग पोकळ गिटारला पिकअप लावला. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो अॅम्प्लिफायरला जातो.

पण अॅम्प मोठा केला की त्याचाच आवाज गिटारच्या पोकळ पोटात शिरायचा, लाकूड हलवायचा, लाकूड पुन्हा तार हलवायचं, आणि सुरू शिट्टी.

आपल्या सतारीला भोपळा हवा, कारण तारेचा आवाज मोठा करायचं काम त्याचं. पण ते काम वीज करणार असेल, तर भोपळा कशाला? पोकळी नसलेली विजेची गिटार त्याआधीही होती. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी ओतीव अॅल्युमिनियमची एक केली. दिसायला तळणीसारखी, म्हणून तिचं नावच 'फ्राइंग पॅन'. पण ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवायची. उभं राहून, फ्रेट दाबून वाजवणाऱ्यांचं काय?

1940 च्या सुमारास लेस पॉल या गिटारवादकाने न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन प्रयोग केला. चार इंच बाय चार इंचाचा लाकडी ठोकळा, त्याला मान, तारा, पिकअप. नावही 'द लॉग', म्हणजे ओंडका. तो पुढे सांगायचा की लोकांना ओंडका बघवेना. मग त्याने एका गिटारचे दोन अर्धे तुकडे दोन्ही बाजूंना चिकटवले आणि तेच लोक खूश झाले. ही कल्पना घेऊन तो गिब्सन कंपनीकडे गेला, पण तेव्हा त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

आता आपला नायक. लिओ फेंडर, जन्म 1909, कॅलिफोर्निया. लहानपणी एक डोळा गमावलेला. हिशेबनीस म्हणून नोकरी केली, ती गेली, मग 1938 मध्ये फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आसपासचे वादक अॅम्प आणि गिटार दुरुस्तीला आणायचे.

आणि गंमत म्हणजे लिओला गिटार वाजवता येत नव्हती! शाळेत सॅक्सोफोन वाजवलेला, पण गिटार सुरात लावणंही त्याला जमायचं नाही. त्यामुळे त्याच्याकडे एकच मार्ग होता. गिटार बनवायची, वादकाच्या हातात द्यायची, आणि तो काय बोलतो ते ऐकायचं.

1950 मध्ये त्याने लाकडाच्या सपाट फळीची गिटार बाजारात आणली. एका पिकअपची 'एस्क्वायर', मग दोन पिकअपची 'ब्रॉडकास्टर'. जुन्या पद्धतीत मान शरीराला सरसाने जोडत. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. हा विचार रेडिओवाल्याचा आहे, वाद्याच्या कारागिराचा नाही. ग्रेच कंपनीचे 'ब्रॉडकास्टर' नावाचे ड्रम आधीपासून होते, त्यांनी हरकत घेतली, म्हणून 1951 मध्ये हीच गिटार 'टेलिकास्टर' झाली.

(अॅम्प न लावता एक तार छेडते. मग अॅम्प लावून तीच तार.)

ऐकलंत? आधी अॅम्प न लावता वाजवा, हा काकांनी शिकवलेला पहिला धडा. प्रत्येक तार सुटी छेडायची आणि ती किती वेळ टिकते ते ऐकायचं. जी तार बिनविजेची मरगळलेली वाटते, तिला अॅम्प फारसा वाचवू शकत नाही.

दुसरी तक्रार: वाकलेली मान

लिओला वाटलं होतं, मेपल लाकूड टणक आहे, मानेत लोखंडी सळई कशाला? सहा तारांचा ताण चोवीस तास मानेवर असतो. सुरुवातीच्या काही माना वाकल्या. विक्री सांभाळणारा डॉन रँडल सळईसाठी आग्रही होता. ती त्याच वर्षी आली. तिला म्हणतात ट्रस रॉड. लिओने ती मानेच्या पाठीमागून खाच पाडून बसवली आणि खाच गडद लाकडाच्या पट्टीने बुजवली. त्या घडणीच्या गिटारांच्या पाठीवर ती काळपट रेघ आजही दिसते.

माझ्या गिटारचं दुखणं हेच होतं. मान पुढे वाकलेली, म्हणून तारा फ्रेटपासून उंच, म्हणून जोर लावून दाबायचं, म्हणून फोड. काकांनी चावीने ट्रस रॉड थोडासा फिरवला, बस.

तपासायचं कसं? पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे शरीराला मिळते तिथल्या फ्रेटवर एकच तार एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये अगदी बारीक फट हवी. मोठी दिसली तर मान पुढे वाकलीय. अजिबात नसेल तर मान एकदम सरळ किंवा मागे वाकलेली असते, मग तारा खरखरू शकतात. पण चावी स्वतः फिरवू नका हं. जाणकाराकडे न्या.

तिसरी तक्रार: बरगड्या आणि बेसूर

टेलिकास्टरची फळी सपाट, कडा टोचायच्या. रात्र-रात्र वाजवणाऱ्या वादकांच्या बरगड्या दुखायच्या. रेक्स गॅलियन, बिल कार्सन अशा वादकांनी हे बोलून दाखवलं. दुसरी कुरकुर ब्रिजबद्दल. तिथे तारा टेकायला तीनच तुकडे होते, म्हणजे दोन तारांना मिळून एक. एक तार सुरात आणावी तर जोडीदारीण बिघडते.

1954 ची 'स्ट्रॅटोकास्टर' या तक्रारींतून आली. शरीराची मागची बाजू पोटाशी कोरलेली, पुढची हात टेकतो तिथे उतरती, आणि ब्रिजवर सहा तारांना सहा वेगळे तुकडे. तिचा आकार रेखाटण्यात फ्रेडी तावारेस या हवाईच्या वादकाचा मोठा वाटा.

(बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून.)

हे दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा आला, तर ब्रिजवरचा तुकडा मागे सरकवायचा. माझा "कान खराब" होता तो इतकाच! पाच मिलिमीटरसुद्धा नाही.

स्ट्रॅटोकास्टरची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिला तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला आणि त्यांना एक वेगळाच, पोकळ-घुमणारा आवाज सापडला, जो लिओच्या मनातही नव्हता. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला 1977 मध्ये. तब्बल 23 वर्षांनी.

चौथी तक्रार: गुणगुण

फेंडरची गिटार चालू लागली आणि गिब्सनला ओंडकावाल्याची आठवण झाली. 1952 मध्ये 'लेस पॉल' मॉडेल आलं. मागे महोगनी, वर मेपलचा थर, सरसाने जोडलेली मान. पण पहिल्याच मॉडेलमध्ये तारा ब्रिजच्या दांडीखालून जात. हाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायची ज्यांना सवय, त्यांची पंचाईत. लवकरच तारा दांडीवरून आल्या.

दुसरा त्रास सगळ्यांनाच होता. एका वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या दिव्यांची, ट्रान्सफॉर्मरची गुणगुणही पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने दोन वेटोळी शेजारी ठेवली, वेढे उलट आणि चुंबकही उलट. गुणगुण एकमेकींना मारते, तारेचा आवाज मात्र बेरजेत मिळतो. हा 'हंबकर' 1957 पासून लेस पॉलवर आला. आवाज जाडसर, भरलेला. त्यामुळे दुकानात एका वेटोळ्याची गिटार थोडी गुणगुणली तर घाबरू नका, तो तिचा स्वभाव. पण तारेला हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल, तर वायरिंग तपासून घ्या.

आणि मापही बघा. फेंडरची तार साधारण 25.5 इंच लांब, गिब्सनची 24.75. लांब तारेला त्याच सुरासाठी जास्त ताण लागतो. म्हणून एकीवर तार खेचणं जड जातं, दुसरीवर सोपं. यात बरी-वाईट असं काही नाही. तुमचा हात ठरवेल.

तक्रार ऐकणं थांबलं तेव्हा

1965 मध्ये लिओची कंपनी सीबीएसने 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतली. सत्तरच्या दशकात स्ट्रॅटोकास्टरची मान चारऐवजी तीन स्क्रूंवर आली. मान हलते, गिटार जड झाली, असं वादक म्हणू लागले आणि जुन्या गिटारांच्या मागे लागले. अखेर 1985 मध्ये तिथल्याच काही लोकांनी कंपनी परत विकत घेतली. डोक्यावरचं नाव या सगळ्या काळात तेच होतं. म्हणून नाव वाचून गिटार घेऊ नका. मीही माझी रंग बघूनच घेतली होती, त्यामुळे हे स्वतःलाच सांगतेय.

लिओ 1991 मध्ये गेला. त्याच्या गिटारांवर जगाने काय काय वाजवलं, पण त्याला स्वतःला त्यातलं काही वाजवता आलं नाही. वादक "दुखतंय" म्हणाला की त्याने वादकाला सराव करायला सांगितलं नाही, लाकूड कापलं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडी घासून तार कशी बोलेल ते जुळवतात. जवारी न लागलेला तंबोरा ऐकून कुणी गाणाऱ्याला नावं ठेवत नाही. मग बिनसेटअपची गिटार हातात घेऊन आपण स्वतःला का ठेवतो?

तुमच्या घरी कपाटावर एखादी गिटार धूळ खात असेल, तर या आठवड्यात खाली काढा. बाराव्या फ्रेटवर ऐका, मानेवरून नजर टाका. कदाचित सोडून देण्यासारखं काही झालेलंच नसेल.

(लाल गिटार, अॅम्प लावून, शेवटपर्यंत.)

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि काही दुखत असेल तर बोलत राहा!