माशाचं बीज नदीतून टाकीत कसं आलं

मागच्या महिन्यात आमच्या प्रभागातल्या बावीस जणी रत्नागिरीला जाऊन आलो. झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र पाहिलं. १९५८ साली सुरू झालेलं हे केंद्र आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. मत्स्यालयातल्या देवमाशाच्या सांगाड्याबद्दल पुन्हा कधीतरी सांगेन. पिल्लांच्या टाक्यांपाशी आमच्या एका मावशींनी विचारलं, "आपल्या तलावात सोडतो ते रोहू-कटल्याचं बीज पूर्वी यायचं कुठून?" आज त्याचीच गोष्ट.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. तळ्यात वाढतात, मादीच्या पोटात अंडीही भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती अंडी सोडत नाही. पूर यावा, पाणी वाहावं, मग मोकळी होते. म्हणून गंगेच्या पुरात बारीक जाळी लावून जिरे गोळा करत. मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने लांबच्या प्रांतांत नेत, आणि वाटभर माणूस हंडीतलं पाणी हाताने हलवत बसे. कितीतरी पिल्लं वाटेतच मरत. उरलेल्यांत रोहू किती, कटला किती, काही कळत नसे. दुसऱ्या माशांना खाणाऱ्या जातींची पिल्लंही त्यातच!

हे बदललं १९५७ मध्ये. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालची इवलीशी पियुषिका ग्रंथी काढली, वाटली आणि तिच्या अर्काचं इंजेक्शन दुसऱ्या माशांना दिलं. मादीने बंद पाण्यात अंडी सोडली. तो दिवस १० जुलै. ब्राझीलमध्ये हा प्रयोग आधी झाला होता, पण आपल्या कार्प माशांवर तो इथे जमला. म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो.

पुढे चिनी पद्धतीच्या गोल टाक्या आल्या. त्यात पाणी सतत फिरतं, म्हणजे अंड्यांसाठी नदीच म्हणा ना. तयार संप्रेरकाचं इंजेक्शन मिळू लागलं, तशी माशांची डोकी फोडायची गरज कमी झाली. साधारण १४ ते १८ तासांत पिल्लं बाहेर येतात. पहिले तीन दिवस पोटाखालच्या पिशवीवरच जगतात, मग जिरे म्हणून विकली जातात.

नदीवरचं अवलंबणं सुटलं, पण आपलं व्यापाऱ्यावरचं सुटलेलं नाही. आमच्या पाझर तलावात दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या बोटुकलीत निम्मी भलत्याच जातीची निघाली. पैसे गटाच्या बचतीतले होते. मला वाटतं, जिऱ्यापासून बोटुकली करणं हे आपल्याला जमणारं काम आहे. लहान तळं, शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि दोन-तीन महिने रोजची नजर. जिरे घेताना जात आणि अंडी फुटल्याची तारीख मात्र विचारायचीच.

आमच्या दोन गटांनी मिळून एक शेततळं आटवून चुना मारून ठेवलंय. पहिल्या पावसाची वाट आहे.