पुरुमेंताचं फेस्त

मे महिना निम्मा सरला की गोव्यातल्या आमच्या सुर्ल्याच्या घरात माळ्यावरचे डबे खाली उतरायचे. उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या, चिंच, सोलं, मिठाच्या पाण्यात मुरलेली तोरं, सुकं सुंगट आणि चुलीवरच्या दांडीला टांगलेली कांद्यांची माळ. मिरग लागला की चार महिने बाजाराचं नाव नाही. या साठवणीला आजी ‘पुरुमेंत’ म्हणायची. पावसाळाभर पुरतं ते पुरुमेंत, अशी माझी समजूत होती.

समजूत चुकीची निघाली. शब्द पोर्तुगीज आहे. ‘प्रोव्हिमेंतु’ म्हणजे बेगमी. आमची डिचोली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, तेव्हा हा शब्द आमच्याकडे धर्माच्या वाटेनं नव्हे, बाजाराच्या वाटेनं आला असणार. पण मडगावात त्याची गाठ थेट देवाशी पडली आहे. तिथल्या पवित्र आत्म्याच्या चर्चचं फेस्त पावसाच्या तोंडावर येतं. भोवती मिरच्या, कांदे, सुकी मासळी, मडकी यांची फेरी भरते, आणि लोक त्या सणाला म्हणतात पुरुमेंताचं फेस्त.

हे चर्च पहिल्यांदा उभं राहिलं 1565 साली. आजची इमारत 1675ची. त्याआधी तिथे दामोदराचं देऊळ होतं. ते पाडलं गेलं आणि देव जांबावलीला गेला. हे दुःख गाळून फेस्ताची कुळकथा सांगणं मला पटत नाही.

फेस्ताचं मूळ मात्र मडगावच्याही फार मागे, जेरुसलेमात आहे. वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशी ज्यू लोक गव्हाच्या सुगीचा सण पाळत. ग्रीक भाषेत त्याला पेंटेकॉस्ट, म्हणजे पन्नासावा, असं नाव पडलं. येशूच्या पुनरुत्थानानंतरच्या त्या सणाला शिष्य एका घरात जमले होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतात की सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद घरभर घुमला, प्रत्येकाच्या माथ्यावर अग्नीच्या जिभा दिसल्या, आणि पवित्र आत्म्यानं भरून ते परक्या भाषांत बोलू लागले. बघणाऱ्यांना वाटलं, हे प्यायलेत. शिष्यांतला पेत्र उभा राहून म्हणाला, अजून सकाळचे नऊच वाजलेत. योएल संदेष्ट्यानं सांगून ठेवलेलं होतं, तेच हे घडतं आहे.

या योएलापाशी मी थांबतो, कारण माझ्या मते पुरुमेंताचा धागा त्याच्या हातात आहे. त्याचं पुस्तक सुरू होतं टोळधाडीनं. शेतं खाऊन फस्त, कोठारं ओस, गुरं चाऱ्यावाचून हंबरतात. मग देव आधी पाऊस देतो, खळी धान्यानं भरतात, माणसं पोटभर जेवतात; आणि त्यानंतर तो आपला आत्मा ओततो. तोही फक्त याजकांवर नव्हे. मुलगे, मुली, म्हातारे, घरातले दास आणि दासी, सगळ्यांवर. ओतणं हे पावसाचंच क्रियापद आहे. हिब्रूतला ‘रुआख’ हा शब्दही वारा, श्वास आणि आत्मा, तिन्ही अर्थांनी चालतो.

संदेष्ट्याचं भाकीत म्हटलं की आपल्याला उद्याची बातमी आठवते. आमच्या देवळात अवसर येतो, म्हणजे कुणाच्या अंगात देव येतो, तेव्हा लोक हरवलेल्या गाईबद्दल, अडलेल्या लग्नाबद्दल विचारतात, आणि त्या विचारण्यात खरी आर्तता असते. बायबलचा संदेष्टा मुख्यतः देवाच्या वतीनं बोलतो. पुढचं सांगणं त्या बोलण्याचा एक भाग. म्हणून जुन्या मराठी बायबलातल्या ‘भविष्यवादी’पेक्षा नंतरचा ‘संदेष्टा’ मला नेमका वाटतो. पौलानं करिंथच्या मंडळीला बजावलं होतं की संदेष्ट्यांचं बोलणं बाकीच्यांनी पारखून घ्यावं. आत्म्याच्या नावानं काहीही खपवायची मुभा त्यानं ठेवली नाही.

गोव्यात या आत्म्याचं नावही बदललं. जुन्या कोंकणी प्रार्थनेत खुरीस, म्हणजे क्रुसाची खूण, काढताना ‘स्पिरिता सांता’चं नाव घेत, आता ‘पवित्र आत्म्या’चं घेतात. राशोलला 1616 साली मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापणाऱ्या फादर स्टीफन्सच्या मुलखात पोर्तुगीज नावाच्या जागी आपलं नाव बसायला साडेतीन शतकं लागली.

आधी अन्न आणि मग आत्मा, हा योएलचा क्रम मराठी मुलखात एकदा डोळ्यांदेखत घडला. 1896–97च्या आणि 1900च्या दुष्काळांतून वाचवलेल्या मुली पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. आधी अन्न, कपडे, अक्षरं, विणकाम. पुढे जून 1905मध्ये त्याच मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत उठल्या आणि त्यांच्यावर आत्मा उतरल्याची वार्ता जगभर गेली. टोळांऐवजी दुष्काळ, आणि बोलणाऱ्या मुली, ज्यांचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्याच्या कामात होत्या. 1922 साली निधनापर्यंत त्या ते करत राहिल्या.

फेस्ताला बाजाराचं नाव पडलं म्हणून आत्म्याचा मान कमी झाला, असं कुणी म्हणालं की मला योएलची खळी आठवतात. धान्याची बेगमी आणि आत्म्याचं ओतणं त्याच्या एकाच अध्यायात आहे.

यंदा पावसाआधी मडगावला गेलात तर मिरच्या घ्या, कांद्याची माळ घ्या, आणि घरी आल्यावर योएलचं पुस्तक उघडा. तीनच अध्यायांचं आहे. माळ टांगून होईपर्यंत वाचून होतं.