रात्री उतरणारी विमानं

मंडळी, चर्चमधले पंथभेद आपल्याला ठाऊक आहेत. पण बायाफ्रा आठवा. 1967 ते 1970, नायजेरियातलं यादवी युद्ध. नाकेबंदीत पोरं भुकेनं मरत होती. कॅथलिकांची कारितास आणि स्कँडिनेव्हियातली प्रोटेस्टंट चर्च एकत्र आली, 'जॉइंट चर्च एड' झाली. जेसीए या आद्याक्षरांवरून लोक गमतीनं 'जीझस क्राइस्ट एअरलाइन्स' म्हणायचे!

साओ टोमे बेटावरून धान्य निघायचं ते रात्रीच. उलीला रुंद केलेला रस्ता हीच धावपट्टी. दिवे जरा वेळच लागायचे, कारण वरून बॉम्ब पडायचे. पाच हजारांवर फेऱ्या झाल्या, वैमानिकही मेले.

त्याच पट्टीवर शस्त्रंही उतरायची, त्यामुळे मदतीनंच युद्ध लांबलं असा आरोप आहे. मला तो पूर्ण खोटा म्हणवत नाही. पण परतीच्या विमानांतून गॅबॉनला नेलेली मुलं जगली, हेही खरंच.