२ ऑक्टोबर १७९२ : तपकिरीच्या डबीतली वर्गणी

इंग्लंडमधल्या केटरिंग गावी एका घराच्या बैठकीत जमलेल्या मूठभर बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांनी या दिवशी मिशनरी सोसायटी स्थापन केली. जाणत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेनेच बाप्तिस्मा घ्यावा, हे त्यांच्या पंथाचे तत्त्व. सरकारी आश्रय नाही. मिशनचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून. त्यांच्यापैकी अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत त्या दिवशी १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्सचे आकडे जमले. तेही रोख नव्हे, कबुलीचे! पुढच्याच वर्षी सोसायटीचे मिशनरी म्हणून विल्यम कॅरे बंगालला निघाले. हे मूळचे चांभार. बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठीचे व्याकरण (१८०५) छापले, मग मोडी लिपीत मराठी-इंग्रजी कोश (१८१०).